गावाचं ओझं गावाच्या सभेत: माझ्या प्रस्तावांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातली कोरडवाहू कास्तकार. कापूस, सोयाबीन आणि मधल्या तासांत तूर, एवढंच आमचं पीक. गेल्या काही हंगामांत आमच्या भागाची जी दशा झाली आहे ती पाहून मी काही प्रस्ताव लिहून काढले आणि आजूबाजूच्या गावांत लोकांपुढे मांडले. काहींना पटले, काहींना राग आला. जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे देते. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवले आहेत.

बाई, तुमचं म्हणणं एका दमात सांगा ना.

घरावरचं कर्ज, पंचायतीचा पैसा, बाईचा जमिनीवरचा हक्क, लग्नातला खर्च, नवरा गेलेल्या बाईचं पुढे काय करायचं, या साऱ्या गोष्टी आपल्याकडे बंद दाराआड ठरतात किंवा ठरतच नाहीत. त्या ग्रामसभेत आल्या पाहिजेत, आणि सभेने घेतलेला ठराव तहसीलपासून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत मोजला गेला पाहिजे. माझे बाकीचे सगळे प्रस्ताव यातूनच निघाले आहेत.

१९ मार्च १९८६ ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने वर्ध्याजवळ जाऊन जीव दिला. नवरा, बायको आणि चार लेकरं. घरचा कर्ता माणूस गावाचा सरपंच राहिलेला होता. त्या दिवशी आजही अनेक गावांत लोक उपास करतात, मीही करते. पण मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. ज्याने गावाच्या सभा चालवल्या, त्याच्या घरावर आलेलं संकट मांडायला त्या सभेत जागा नव्हती. आजही नाही. ती जागा तयार करणं हे आपलं काम आहे, आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

ग्रामसभा तर होतेच. वर्षातून चारदा होते.

रजिस्टरवर होते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल तेवढी, हजर लागतात. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस माणसांत सारं मंजूर होतं आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. तुमच्या गावात असं होत नसेल तर तुमचं गाव भाग्यवान आहे.

माझा पहिला प्रस्ताव सभेच्या वेळेचा आणि जागेचा आहे. ऐन वेचणीत सकाळी अकरा वाजता सभा ठेवली तर मजुरी बुडवून कोण येईल? सभा संध्याकाळी घ्या. मंदिराच्या पारावर घेऊ नका, जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्या. पारावर कोण वर बसतं, कोण खाली बसतं आणि कोण लांब उभं राहतं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. शाळेच्या सतरंजीवर ते तेवढं चालत नाही. महिला ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी घ्यावी असं कायदाच सांगतो. ती खरोखर घ्या आणि तिथले ठराव मुख्य सभेत सर्वांत आधी वाचा.

दुसरा प्रस्ताव: कोलामांचं पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा, या वस्त्यांची बैठक ग्रामसभेच्या आधी त्यांच्याच वस्तीत व्हावी. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या आदिवासी भागातल्या, वस्त्यांना पेसा कायद्याने स्वतःच्या ग्रामसभेचा मार्ग आहे. बाकी ठिकाणी तसा कायदा नाही, पण अशी बैठक घ्यायला कोणी अडवलेलंही नाही. मूळ गावात येऊन बोलायचं धाडस प्रत्येकाला होत नाही. आपल्या अंगणात माणूस मोकळेपणी बोलतो.

तिसरा प्रस्ताव हिशेबाचा. वित्त आयोगातून किती आले, कोणत्या कामावर गेले, काम कोणाला दिलं, मोजमाप काय झालं, हे मोठ्याने वाचायचं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. आपल्या गावात ते कशावर गेले, असा प्रश्न तुम्ही कधी ऐकला आहे का? फळ्यावर लिहून ठेवणं पुरत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांचाही तो पैसा आहे.

असं कुठं खरंच चाललं आहे का?

हो, आपल्याच विदर्भात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर बोलणं चालू राहतं. सभेच्या जोडीला अभ्यासगट असतो, जो कायदे वाचून समजून घेतो आणि सभेला सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला, आणि गावाने स्वतः बांबू विकला.

मला यातला अभ्यासगट सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जंगल त्यांना नंतर मिळालं. आधी कितीतरी वर्षं ते बसून वाचत आणि वाद घालत होते.

त्यांच्याकडे जंगल आहे. आमच्याकडे पऱ्हाटीशिवाय आहेच काय?

ई-क्लास जमीन आहे, म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. ती कोणाच्या ताब्यात आहे ते सभेत विचारून बघा. गावतलाव आहे आणि त्यातला गाळ आहे. वावरात जाणारे पांदण रस्ते आहेत, जे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात अर्धे गिळले गेले आणि पावसाळ्यात बैलबंडी जात नाही म्हणून माल घरात अडकून पडतो. रोजगार हमी आहे, जिचा कायदा देशाच्या आधी महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला होता. यातलं कोणतं काम आधी घ्यायचं हे सभा ठरवू शकते. अमरावती जिल्ह्यात पायविहीर नावाचं गाव आहे. तिथली जंगलजमीन उजाड होती. गावाने ती राखली, झाडं वाढवली आणि तिथली सीताफळं बाजारात नेली. उजाड जमीन तर आपल्याकडे भरपूर आहे.

घरचं कर्ज गावासमोर काहून सांगायचं? इज्जत जाईल ना.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागची भीती खरी आहे. लेकीचं लग्न जमायचं असतं, मुलाला मुलगी मिळत नाही, त्यात कर्जाचा बोभाटा झाला तर सोयरीक मोडते. म्हणून मी घराघराची नावं वाचायला सांगतच नाही.

मी म्हणते ते असं. गावाने पाच भरवशाची माणसं निवडावी, त्यात निदान तीन बाया. त्यांनी घरोघर जाऊन फक्त आकडे गोळा करावे: बँकेचं किती, सोसायटीचं किती, कृषी केंद्राची उधारी किती, सावकाराचं किती, बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं किती. नाव लिहायचंच नाही. मग सभेत गावाच्या एकूण कर्जाचा आकडा वाचायचा. माझा विश्वास आहे की तो आकडा ऐकल्यावर प्रत्येक घराला पहिल्यांदा कळेल की या खड्ड्यात आपण एकटे नाही.

यातून दुसरीही एक गोष्ट उघड होईल. सरकारच्या कागदावर कर्ज म्हणजे बँक आणि सोसायटी. पण जून महिन्यात बियाणं-खत उधारीवर येतं ते कृषी केंद्राकडून, आणि दर आठवड्याला हप्त्याला दारात माणूस उभा राहतो तो मायक्रोफायनान्सचा. तो हप्ता बहुतेक घरांत बाई भरते, मजुरी करून. ‘नवं-जुनं’ हा शब्द तर आपल्याकडे लेकरांनाही माहीत आहे: जुनं पीककर्ज फेडायला आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून पैसा उचलायचा, बँकेत भरायचा, नवं कर्ज मिळालं की त्यातून सावकाराला व्याजासकट परत करायचा. बँकेच्या वहीत हा शेतकरी नियमित फेडणारा. गावाचा खरा आकडा ठरावासोबत तहसीलदाराकडे गेला की हे झाकता येणार नाही.

सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा वाचा. अवैध सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो. हे एकट्याने करायला माणूस घाबरतो, कारण सावकार गावातलाच असतो. म्हणून अर्जासोबत चार माणसं गेली पाहिजेत.

आणि घरातलं कोणी गप्प गप्प झालं असेल, जेवण सोडलं असेल, उगाच निरवानिरवीची भाषा करत असेल तर सभेची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. मनाच्या त्रासात आधार देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

म्हणजे तुम्ही कर्जमाफीच्या विरोधात आहात?

नाही. कर्जमाफी व्हावी, पण ती कोरडवाहू माणसाला ओळखणारी व्हावी. २००८ च्या माफीत पूर्ण लाभासाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. ओलिताच्या पाच एकरांवर घर चालतं. आमच्याकडे आठ-दहा एकर असूनही पाऊस गेला तर हाती काही लागत नाही, आणि ती माणसं ‘मोठे शेतकरी’ म्हणून पूर्ण माफीच्या बाहेर राहिली. २०१७ ला दीड लाखांची मर्यादा आली, २०१९ ला दोन लाखांची. दर वेळी यादी, अट, अंगठा, पुन्हा यादी. माझी मागणी आहे की लाभार्थ्यांची यादी अंतिम होण्याआधी ती ग्रामसभेत वाचली जावी. कोण सुटलं आणि कोण फुकट घुसलं हे गावाइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायचं हे खूळ कुठून आणलं?

१९९२ पासून सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्याआधी शेतकरी संघटनेने याच नावाची मोहीम गावोगाव नेली होती. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तरीही आपल्या तालुक्यात किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव दिसतं ते तलाठ्याकडे जाऊन बघा.

निंदण बाई करते, वेचणी बाई करते, जनावरांचं बाई करते. पण बँक, विमा, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक हे सारं सातबाऱ्याच्या नावावर चालतं. नवरा आहे तोवर हे कोणाला टोचत नाही. नवरा गेला की वारस नोंदीसाठी तिला दीर-सासऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. जिच्या दुःखात सारं गाव रडलं, तिलाच सहा महिन्यांनी ‘तुझं इथे काय आहे’ असं ऐकावं लागतं. हे मी फार जवळून पाहिलं आहे, एका घरात नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा की अक्षय तृतीयेला, जेव्हा आपण साऱ्या नव्या कामांची सुरुवात करतो, ज्यांची इच्छा आहे अशा सगळ्या घरांचे अर्ज गावाने एकदम भरावे. एकट्या माणसाने केलं तर मित्र त्याला हसतात. वीस घरांनी मिळून केलं तर हसणारे कमी पडतात. लेकींबद्दलही सांगते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क दिला. तरी राखीच्या आसपास बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत चालू आहे. बहिणीने आपल्या मनाने सोडलं तर तिची मर्जी. तिला कागद वाचून न दाखवता सही घेणं ही चोरी आहे.

जमीन ज्याची नाही, मक्त्याने करतो, त्याचं काय?

त्याचे हाल सगळ्यात वाईट, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे. कूळ लागेल या धाकाने मालक लेखी काही करत नाही, सारा व्यवहार तोंडी. मग पीक बुडालं की नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात आणि बियाण्याचा खर्च मक्तेदाराच्या डोक्यावर. गावाने दर हंगामात एक साधी नोंदवही ठेवावी: या वर्षी कोणाचं वावर कोण करत आहे, आणि यातून कुळाचा हक्क येत नाही असं वर स्पष्ट लिहिलेलं. दोघांच्या सह्या. कोर्टात तिचं वजन किती पडेल ही नंतरची गोष्ट, पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यापुढे ठेवायला तरी कागद हवा.

शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार मदत देतंच ना?

‘पात्र’ ठरलं तर. १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, ही रचना २००६ च्या शासन निर्णयाची. कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, आणि त्याच्या वसुलीचा तगादा असावा, ही अट. सोयऱ्याकडून घेतलेलं कर्ज चालत नाही, कृषी केंद्राची उधारी चालत नाही. मग त्या घराच्या कागदावर ‘अपात्र’ असा शब्द येतो. मेलेल्या माणसाला अपात्र म्हणणारी ही पद्धत बंद झाली पाहिजे. कर्ज कोणाकडून घेतलं हे मदतीचं माप असू शकत नाही. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण जाताना ग्रामसभेचं म्हणणं सोबत जोडणं बंधनकारक करा, आणि वारस नोंद, रेशन कार्ड, निराधार योजना, मुलांची शिष्यवृत्ती ही सारी कामं कर्मचाऱ्यांनी त्या बाईच्या घरी येऊन करावी.

लग्नाच्या खर्चावर गाव कसं काय बोलणार? ज्याचे पैसे, त्याचा खर्च.

ज्याचे पैसे असते तर मी बोलले नसते. साक्षगंध, लग्न, डीजे, आहेराची लुगडी, आणि कोणी गेलं की तेरवीला अख्खं गाव, या साऱ्याला पैसा सावकाराचा असतो. आमच्या मातीत गाडगेबाबांनी हयातभर सांगितलं, कर्ज काढून सण करू नका. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून तेच सांगितलं. फोटो आपण दोघांचेही लावतो.

सभेने ठराव करावा की तेरवीचं जेवण घरच्या आणि जवळच्या माणसांपुरतं, आणि सामूहिक विवाहात लग्न करणाऱ्या घराचा सभेत सन्मान. मात्र ठराव मोडला म्हणून कोणाला वाळीत टाकायचं नाही, दंडही नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो बरोबर आहे. विधवा बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव कोल्हापूरच्या हेरवाडने २०२२ मध्ये केला, त्यानंतर राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं आवाहन केलं. आपल्या भागात अशा तरुण बाया किती आहेत हे मी सांगायला नको. हा ठराव आपल्याकडे आधी व्हायला हवा होता.

हे सारं बराबर आहे, पण भावाचं काय? भाव भेटला तर यातलं काही लागणार नाही.

भावाशिवाय सुटका नाही, हे मलाही मान्य आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, लांब धाग्याच्या कापसाचा ८,११०. गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीवाला काय देतो हे तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, वावरात उभी असताना, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला माल बाजारात यायच्या वेळी. पेरणी झाल्यावर आयातीचे नियम त्या हंगामापुरते बदलायचे नाहीत, एवढी एक मागणी सर्व गावांच्या ठरावांत एकाच शब्दांत असावी.

आपल्या हातातलं एक साधन मात्र आपण वापरत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं, सहा महिन्यांसाठी. एकट्याच्या चार पोत्यांसाठी तालुक्याला जाणं परवडत नाही. दहा घरांचा माल एका गाडीत गेला तर परवडतं. तुमच्या बाजार समितीत ही योजना बंद असेल तर ती चालू करा असा ठराव करा.

दारूबंदी पाहिजे का?

पाहिजे, पण गावातल्या बायांच्या मताने. परवान्याच्या दुकानासाठी आडव्या बाटलीचं मतदान आहे, म्हणजे दुकान बंद करायचं की नाही यावरचं मतदान. अवैध विक्रीवर मतदान लागत नाही, तिथे पोलिसांना जाब विचारावा लागतो.

तुम्ही वेगळ्या विदर्भाच्या बाजूने आहात की विरोधात?

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला जे कबूल केलं ते पूर्ण झालेलं नाही, हे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडून दाखवलं. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ते मंडळ परत यावं असं माझं मत आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी वाट पाहतच राहिला. राज्य वेगळं झालं तरी हिशेब मागणारी सभा नसेल तर नागपूरचं सरकारही आपल्यासाठी मुंबईएवढंच लांब राहील. ज्यांना वेगळं राज्य हवं आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही, मी त्यांच्या सभांनाही जाते.

तुम्ही निवडणूक लढणार का?

नाही. मी कोणत्याही पक्षात नाही. हे प्रस्ताव कोणत्याही पक्षाच्या सरपंचाने उचलावे.

ग्रामसेवक आमचा ठराव लिहूनच घेत नाहीत. काय करायचं?

सभेच्या आधी विषय लेखी द्या आणि पोच घ्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. सभेत ठराव तोंडी मांडू नका, लिहून नेलेला वाचा, आणि सूचक-अनुमोदक म्हणून एका बाईचं आणि एका तांड्या-पोडावरच्या माणसाचं नाव असू द्या. सभा झाल्यावर आठवडाभराने कार्यवृत्ताची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस थांबायचं, मग पहिलं अपील. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची फी नाही, म्हणून अर्ज त्याच्या नावाने करायचा असेल तर आधी त्याची संमती घ्या आणि सोबत तुम्हीही जा. त्यानंतर गटविकास अधिकाऱ्याकडे सगळ्या पोचा जोडून तक्रार. पंचायत समितीत एकट्याने जाऊ नका, निदान पाच जण जा, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशी जा, म्हणजे कोणाची मजुरी वेगळी बुडत नाही.